अंगठ्याची स्प्लिंट: थांबतो अंगठा, पण हालचाल खांद्यापर्यंत बदलते

कर्वेनगरची ओटी

अंगठ्याला स्प्लिंट (सांधा हलू नये म्हणून बांधायचा आधार) लावलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी परत येतो, तेव्हा अंगठा बरा असतो पण खांदा नाहीतर मान धरलेली असते. देताना "काढू नका" एवढंच सांगितलेलं असतं. हात आता वेगळ्या वाटेने काम करणार आहे, हे सांगायचं राहून जातं. म्हणून हा धागा. इथे ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणारे), फिजिओ, प्लास्टर करणारे, स्वयंपाक आणि वाद्यं शिकवणारे बरेच आहेत. आपापल्या कामातले बारकावे लिहा.

आधी रचना. अंगठ्याला तीन सांधे. पहिला बुडाचा, मनगटाला लागून, घोड्याच्या खोगिरासारखा. अंगठा बोटांसमोर येतो तो याच्यामुळे. मग मधला, आणि नखाजवळचा टोकाचा. अपंगत्व मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत पंजाच्या एकूण कामात अंगठ्याचा वाटा ४० टक्के धरतात, यावरून त्याची किंमत कळेल.

स्प्लिंट ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या:

आखूड, म्हणजे तळहातापुरती. बुडाचा सांधा थांबवते, बहुतेकदा मधलाही. मनगट मोकळं.

लांब, म्हणजे कोपराखालच्या हाताच्या दोन-तृतीयांश लांबीपर्यंत जाणारी. मनगट, बुडाचा आणि मधला असे तिन्ही थांबवते. टोकाचा मोकळा.

मऊ, निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या कापडाची. थांबवत काही नाही, आवर घालते आणि ऊब देते.

आता मुद्द्याचं. हाताला एखादी वस्तू एका ठरावीक जागी, ठरावीक कोनात न्यायची असते. वाटेतला एक सांधा बंद झाला तरी मेंदू ते काम सोडत नाही, उरलेल्या सांध्यांकडून करून घेतो. मनगट बंद झालं की पहिला भार कोपराखालच्या हाताच्या फिरण्यावर येतो, म्हणजे उताणा-पालथा करण्यावर. ते पुरलं नाही की कोपर बरगडीपासून बाहेर जातं, खांदा वर येतो, आणि शेवटी धड कलतं. रोजच्या कामांना मनगट किती लागतं, हे संशोधक पामर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मोजलं होतं: खाली (तळव्याकडे) ५ अंश, वर (पंजाच्या पाठीकडे) ३० अंश, अंगठ्याकडे १० आणि करंगळीकडे १५. आकडे छोटे वाटतात, पण ते दिवसातून शेकडो वेळा लागतात. प्रत्येक वेळी खांद्याला उचलावं लागलं, तर आठवड्याभरात तो बोलणारच.

म्हणून माझा आग्रह एकच: ज्या सांध्याला विश्रांती हवी तोच थांबवा. पुढचा-मागचा एक जरी जास्तीचा थांबवला, तरी त्याची किंमत वरचा हात मोजतो.

औंध फिजिओ

सहमत, पण एक धोका आहे. हे वाचून लोक डी-क्वेरव्हेनलाही (मनगटाच्या अंगठ्याकडच्या टेंडनचं दुखणं; टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आखूड स्प्लिंट विकत घेतील. ते चुकेल.

डी-क्वेरव्हेनमध्ये (स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं) दुखणाऱ्या दोन टेंडन मनगटाच्या अंगठ्याकडच्या टोकदार हाडावरून, एका अरुंद बोगद्यातून जातात. एक अंगठ्याच्या बुडाशी चिकटते, दुसरी त्याच्या पुढच्या हाडाला. म्हणजे त्या मनगटही ओलांडतात आणि अंगठाही. आखूड स्प्लिंटमध्ये मनगट करंगळीकडे कललं की त्या बोगद्यात ताणल्याच जातात. तिथे लांबच हवी. मनगट १५ ते २० अंश वर, अंगठा बाहेर आणि थोडा पुढे, टोकाचा सांधा मोकळा. या टेंडन सहसा टोकाच्या सांध्यापर्यंत जातच नाहीत, त्यामुळे तो बांधून फायदा नाही.

उलट बुडाच्या सांध्याची झीज असेल आणि मनगट दुखत नसेल, तर लांब स्प्लिंट म्हणजे विनाकारण खांद्याला शिक्षा.

ट्रिगर थंब हा तिसराच प्रकार. अंगठा वाकताना अडकतो आणि "टक्" करून सुटतो. अडथळा मधल्या सांध्यासमोर, तळहाताच्या बाजूला असतो. तिथे मधला सांधा सरळ ठेवणारी छोटी स्प्लिंट पुरते, मनगटाला हात लावायचा नाही. दुकानात मात्र तिन्ही दुखण्यांना एकच खोका पुढे सरकवला जातो. आधी डॉक्टरांकडून निदान, मग स्प्लिंट.

प्लास्टरखोली

अंगठ्यासमोरचं मनगटातलं छोटं हाड, स्कॅफॉइड, मोडलेलं असेल तर वरचं काहीही स्वतः ठरवू नका. ते हाड रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने नाजूक आहे, हललं तर जुळत नाही. तिथेही प्लास्टरमध्ये अंगठा घ्यायचाच का, यावर वाद आहेच. ब्रिटनमधल्या १९९१ च्या २९२ फ्रॅक्चरच्या अभ्यासात अंगठा घेतलेल्या आणि न घेतलेल्या प्लास्टरमध्ये हाड न जुळण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पण तो निर्णय ऑर्थोपेडिक सर्जनचा. घरी कात्रीने अंगठ्याचं भोक मोठं करून येणारे पेशंट दर पावसाळ्यात असतात.

हिंजवडी डेस्क

लांब स्प्लिंट घालून दिवसभर लॅपटॉप वापरायचा असेल, तर मांडणी नेमकी कशी बदलायची? आमच्या एर्गोनॉमिक्सच्या (कामाच्या जागेच्या मांडणीच्या) यादीत मनगट सरळ ठेवा एवढंच आहे, आणि स्प्लिंटमध्ये ते आपोआपच सरळ असतं.

कर्वेनगरची ओटी

@हिंजवडी डेस्क, मनगट सरळ असतं, पण माउस मनगटाने हलायचा तो आता खांद्याने हलतो. त्यात कडक प्लॅस्टिकची करंगळीकडची कड टेबलाच्या काठावर टेकते, म्हणून माणूस हात अधांतरी धरतो. दोन तासांत मानेचा स्नायू भरून येतो.

माउस कीबोर्डच्या आकड्यांच्या पॅडपलीकडे असतो, तिथून आत आणा. त्याहून बरं, आकडे नसलेला छोटा कीबोर्ड घ्या. पॉइंटरचा वेग वाढवा, म्हणजे कमी अंतरात काम होतं. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं हवं, आणि तो हात टेबलाच्या उंचीला. स्प्लिंटच्या खालच्या बाजूला मोजा चढवला की ती टेबलावरून सरकते, अडत नाही. स्पेसबार दुसऱ्या अंगठ्याने दाबायचा. सवय लागायला दोन-तीन दिवस लागतात. उभा माउस डी-क्वेरव्हेनला चांगला म्हणतात, पण काही मॉडेलमध्ये त्याची बटणं अंगठ्याच्याच वाट्याला येतात. ते तपासून घ्या.

मोबाइलचं वेगळं सांगते, कारण तिथे सगळ्यांची फसगत होते. लांब स्प्लिंटमध्ये टोकाचा सांधा मोकळा असतो, म्हणून लोक त्याच हाताने स्क्रोल करत राहतात. दुखत नाही असं वाटतं. पण बूड बांधलेलं असताना अंगठा लांबवायचा, तर पंजा फोनभोवती आवळावा लागतो. फोन दुसऱ्या हातात धरा, किंवा स्टँडवर ठेवून तर्जनी वापरा.

लाटणं-पोळपाट

स्वयंपाकाच्या वर्गांत शिकवताना जे बघते ते लिहिते.

पोळी लाटताना लाटणं पुढे जातं तसं मनगट वर झुकत जातं. लांब स्प्लिंटमध्ये ते बंद, मग कोपर उघडतं आणि खांदा पुढे आणि वर जातो. ओटा उंच असेल तर हे दुपटीने होतं. उपाय साधा: चार इंचांचा भक्कम, न हलणारा पाट पायाखाली घ्या, म्हणजे पोळपाट कोपराच्या चांगला खाली येतो आणि जोर खांद्याऐवजी अंगाच्या वजनाचा लागतो. लाटणं मुठीत धरायचं नाही. उघड्या तळव्याखाली फिरवायचं, अंगठा बोटांना लागून. कणीक नेहमीपेक्षा सैल, आणि झाकून अर्धा तास मुरलेली. घट्ट कणकेला जोर लागतो, तो सगळा अंगठ्याच्या बुडाशी जातो.

सांडशी या काळात बंद. सांडशीत पातेलं धरायचं म्हणजे अंगठ्याने सतत दाब द्यायचा, आणि ओतताना मनगट करंगळीकडे कलवायचं. दोन्ही गोष्टी नेमक्या ज्या नकोत त्याच. एक लिटर चहा म्हणजे पातेल्यासकट सव्वा-दीड किलो, आणि लांब स्प्लिंट असताना ते ओतायला कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत उचललं जातं. गरम चहाचं पातेलं त्या उंचीवर नको. ओगराळ्याने वाढा. नाहीतर दोन कानांचं भांडं घ्या, दोन्ही हातांत जाड फडकी, आणि ओट्याच्या कडेवर टेकवून कलवा.

चकलीचा सोऱ्या दांड्याचा असला तर तो फिरवण्याचं काम दुसऱ्या हाताकडे. पितळी दाबाचा सोऱ्या तर नकोच. विळीवर नारळ खवायचा म्हणजे वाटी दोन्ही अंगठ्यांनी दाबून फिरवायची, तेही बंद. मिक्सरमध्ये खोबऱ्याचे तुकडे फिरवा. फडकं पिळू नका. नळाला गुंडाळून दोन्ही टोकं एका हाताने ओढा, किंवा चाळणीत दाबून निथळा.

कुकरच्या झाकणाबद्दल नंतर लिहीन.

औंध फिजिओ

अंगठ्याच्या बुडाशी जोर का जातो, याचा आकडा देतो. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवलं की चिमटीच्या टोकाशी जेवढा दाब, त्याच्या सुमारे १२ पट बुडाच्या सांध्यावर येतो. म्हणजे सांडशी १ किलोच्या जोराने दाबली तरी बुडाशी १२ किलो. घट्ट मुठीत हा आकडा १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. म्हणून झिजलेल्या सांध्याला डबा उघडताना कळ येते. स्प्लिंट हा दाब नाहीसा करत नाही, सांधा बाजूला सरकू देत नाही एवढंच. दाब कमी करायचा तर धरायची वस्तू जाड करावी लागते.

शिवणवर्ग, नारायण पेठ

कात्रीबद्दल. मोठी कात्री उघडते ती अंगठ्याच्या बुडातून. आखूड स्प्लिंटमध्ये ते बंद झाल्यावर विद्यार्थिनी बोटांनी खालचं पातं ढकलतात, आणि मग कापड सरळ कापलं जात नाही, शेवटाला लाट येते. खांदा उचलून पूर्ण हाताने कापायचा प्रयत्न होतो. मोठं कापड कापायला फिरत्या पात्याचा कटर आणि खाली मॅट. धागे तोडायला स्प्रिंगचा छोटा कटर, तो आपोआप उघडतो. हातशिलाईत सुई धरायला टोकाचा सांधा आणि तर्जनी पुरतात, पण सुई कापडातून ओढायला नव्हे. ओढताना कडेला चिमटीत न धरता, रबराचा तुकडा सुईभोवती लावून ओढा.

बेचका

स्प्लिंट बनवणाऱ्यांसाठी लिहितो, कारण चुकीची हालचाल पुष्कळदा चुकीच्या कडेमुळे होते.

थर्मोप्लास्टिकची (गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकची) शीट लांब स्प्लिंटला ३.२ मिलिमीटर जाड. आखूडला २.४, आणि बारीक हाताला छिद्रांची १.६ पुरते. आधी कागदी नॅपकिनवर हाताचा साचा काढा, हातावर बसवून बघा, मगच शीटवर उतरवा. पाणी ६५ ते ७० अंश. शीट पारदर्शक किंवा लवचिक होईपर्यंत एक-दोन मिनिटं. बाहेर काढून कोरड्या टॉवेलवर टिपा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग पेशंटला. ३.२ ची शीट तीन-चार मिनिटं आकार घेते, १.६ ची जेमतेम एक. घाई १.६ मध्येच होते आणि अंगठ्याभोवती बोटांचे ठसे उमटतात. प्रत्येक ठसा म्हणजे उद्याचा लाल डाग.

बसवताना हात कुठे आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. पेशंटचं कोपर टेबलावर टेकलेलं, पंजा वर, अंगठा स्वतःच्या नाकाकडे. हात पूर्ण उताणा ठेवून बनवली आणि मग पेशंटने पालथा केला, की कोपराखालचा हात आकार बदलतो आणि कड हाडावर चढते. पेशंट ते टाळायला हात पालथा करतच नाही, त्याऐवजी कोपर बाहेर काढतो. लोकांना वाटतं लांब स्प्लिंट उताणं-पालथं करणं बंद करते. ती कोपराच्या खालीच संपते, बंद करण्याचं कारण नाही. बंद करते ती चुकीची कड.

अंगठा बोटांसमोर पुढे ४० ते ४५ अंश. गरम असतानाच पेशंटला अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत कागद धरायला लावा. कागद धरता आला नाही तर अंगठा बाजूला फार ताणलाय. बुडाच्या झिजेत मधला सांधा सुमारे ३० अंश वाकवून ठेवा. तो मागे वळू दिला, तर बुडाच्या सांध्याचा तळहाताकडचा भाग दाबला जातो, आणि झीज तिथेच जास्त असते.

बेचक्यात, म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेत, प्लॅस्टिक जाड झालं की पेला आणि गाडीची मूठ धरता येत नाही. तिथे एकच थर, कड बाहेर वळवलेली. तळहाताच्या आडव्या रेघेच्या खालीच संपायला हवं, म्हणजे चारही बोटं बुडाशी ९० अंश वाकतील. ही रेघ झाकलेली स्प्लिंट हरएक दुसऱ्या हातावर दिसते. मूठ अर्धी वळते, आणि मग म्हणतात जोर गेला.

पट्टे: कोपराकडे दोन इंची, मनगट आणि तळहाताशी एक इंची. पट्ट्याखाली एक बोट सरकायला हवं.

तालवर्ग, सदाशिव

तबल्याला स्प्लिंट घालून बसू देऊ नका, ही विनंती. डग्ग्यावर घुमारा मनगटाच्या टाचेने दाब बदलून येतो. मनगट बंद झाल्यावर विद्यार्थी तो दाब कोपर वरखाली करून आणतो, आवाज येतो पण खांदा ताठतो, आणि ती सवय स्प्लिंट निघाल्यावरही राहते. दायाँवरही तीच अडचण. आखूड स्प्लिंटमध्ये तळहाताची कड पुडीवर (तबल्याच्या चामड्यावर) टेकते आणि नाद मरतो.

सतारीला उजव्या हाताचा अंगठा भोपळ्याच्या कडेशी रोवलेला असतो, सगळा हात त्या खिळ्यावर फिरतो. तो खिळाच बांधला तर मिजराबाचा (तारा छेडायच्या, बोटात घालायच्या तारेच्या नखीचा) कोन बदलतो. या दिवसांत बोल म्हणणं, लयीची मोजणी, ऐकणं यावर वर्ग चालवा. हार्मोनियम एका हाताने, अंगठा खालून न नेता, चालू शकते.

धायरी गॅरेज

दुचाकीचं स्पष्ट लिहितो. स्प्लिंट असेपर्यंत चालवू नका, आखूड असली तरी.

उजव्या हाताला लांब स्प्लिंट: अॅक्सिलरेटर मनगटाने फिरतो. मनगट बंद तर माणूस कोपर खाली पाडून फिरवतो. वेग वाढवता येतो, पण झटकन सोडता येत नाही, आणि ब्रेक दाबायला बोटं सोडवली की मूठ अर्धी फिरलेलीच राहते. डाव्या हाताला: हॉर्न, इंडिकेटर, डिपर सगळं अंगठ्याच्या टप्प्यात. आखूड स्प्लिंटमध्ये तिथे पोचायला पूर्ण पंजा मुठीवरून सरकवावा लागतो. स्कूटरवर त्याच वेळी मागचा ब्रेकही डाव्या हातात. सिंहगड रोडला सिग्नलवर हे जमणार नाही.

मूठ बेचक्यात बसते, आणि स्प्लिंटचा थर तिथेच असतो, म्हणून पकड घसरते. रबरी कव्हर लावून उपयोग होत नाही.

पीएमपीत (पुण्याच्या सिटी बसमध्ये) उभं राहायचं तर दांडा दुसऱ्या हाताने धरा. स्प्लिंटच्या हाताने वरची मूठ धरली तर ब्रेकच्या धक्क्याला सगळा भार चार बोटांवर आणि खांद्यावर येतो.

बाळंतघर

नव्या आयांना डी-क्वेरव्हेन फार होतो. बाळाला काखेत हात घालून, अंगठा आणि तर्जनीचा काटकोन करून उचलतात, तेव्हा ताणलेला अंगठा आणि कललेलं मनगट एकदम येतं. लांब स्प्लिंटमध्ये तसं उचलताच येत नाही, हा फायदाच. पण दुसरी पद्धत शिकवायला हवी: दोन्ही तळवे उताणे, बाळाच्या पाठीखाली आणि ढुंगणाखाली सरकवायचे, अंगठा बोटांना चिकटलेला, बाळ छातीशी आणून मग उभं राहायचं. जोर दंडाचा लागतो. पाजताना डोकं पंजात धरू नका, कोपराच्या खोलगट जागेत घ्या आणि खाली उशी भरा, म्हणजे खांदा लोंबकळत राहत नाही.

कडक प्लॅस्टिकवर बाळाचं डोकं आपटतं. जुना सुती मोजा टाच कापून वरून चढवा. पायावर अंघोळ घालायचं काम दुसऱ्याकडे द्या. ओली स्प्लिंट तशीच ठेवली तर त्वचा पांढरी पडून सोलते.

औंध फिजिओ

@बेचका, कडांबद्दल छान लिहिलंत. एक भर. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीच्या लगेच खाली एक संवेदनेची नस जाते. पट्टा किंवा कड तिथे आवळली की अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या येतात किंवा बधिर होतं. पेशंट म्हणतो दुखणं वाढलं. वाढलेलं नसतं, पट्टा नसेवर असतो. पट्टा सैल करून जागा सरकवा. मुंग्या थांबल्या नाहीत तर स्प्लिंट काढून त्याच दिवशी दाखवा. काढल्यावर लाली २०-३० मिनिटांत गेली पाहिजे. राहिली तर तिथे शीट गरम करून बाहेर फुगवावी लागते. खाली स्पंज लावला तर दाब वाढतोच.

आणि मुठीच्या जोराबद्दल: मूठ सगळ्यात जोरात वळते ती मनगट सुमारे ३५ अंश वर असताना. तयार स्प्लिंटमधली अॅल्युमिनियमची पट्टी बहुतेक वेळा सरळ असते. ती बाहेर काढून, टेबलाच्या काठावर दाबून १५-२० अंश वाकवता येते. असं केल्यावर मूठ परत येते आणि खांदा लगेच खाली उतरतो.

हिंजवडी डेस्क

दोन स्प्लिंटमधून निवडायची असेल, तर घरच्या घरी तपासायचं कसं? दुखणं कमी होणं एवढ्यावर निवडायची का?

कर्वेनगरची ओटी

एवढ्यावर नाही. जेबसन-टेलरची १९६९ ची चाचणी आम्ही वापरतो, त्यात लिहिणं, पत्ते उलटणं, छोट्या वस्तू उचलणं, डबे उचलणं अशी सात कामं वेळ लावून करतात. तिच्याच धर्तीवर घरी तीन कामं करा. वाटीतले कडवे वाल दहा, एकेक करून दुसऱ्या वाटीत. अर्धी भरलेली लिटरची बाटली पेल्यात रिकामी. मान न वाकवता मानेमागचं बटण किंवा साखळीचा आकडा चाचपडणं. प्रत्येक वेळी वेळ मोजा, दुखणं दहापैकी किती ते लिहा, आणि समोर मोबाइल उभा करून चित्रण करा.

चित्रण बघताना अंगठा बघूच नका. कोपर आणि बरगडीत किती अंतर पडतं, खांदा कानाकडे जातो का, धड कलतं का, ते बघा. दोन स्प्लिंटनी दुखणं सारखंच उतरत असेल तर कोपर कमी बाहेर जाणारी घ्या. बाटली ओतताना कोपर खांद्याच्या रेषेत आलं, तर ती स्प्लिंट त्या कामाला चालणार नाही. काम बदला किंवा स्प्लिंट.

कोपराची आणि हात फिरवण्याची शिल्लक किती आहे तेही पाहा. रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंश आणि उताणं-पालथं दोन्हीकडे ५० अंश लागतं (मोरी, १९८१). ज्यांचं कोपर जुन्या फ्रॅक्चरने आधीच अडलंय, किंवा खांदा जखडलाय, त्यांना लांब स्प्लिंट देताना खूप विचार करा. त्यांच्याकडे भरपाई करायला जागाच नसते.

प्लास्टरखोली

रात्रीपुरती स्प्लिंट घालण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बुडाच्या झिजेत फ्रान्समधल्या एका अभ्यासात (२००९, ११२ रुग्ण) रात्रीची स्प्लिंट महिन्याभरात विशेष काही करत नव्हती, पण वर्षाअखेर दुखणं आणि अडचण दोन्ही कमी होती. झोपेत खांद्याने भरपाई करायचा प्रश्नच नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीही या सांध्याला स्प्लिंट द्या आणि दीर्घकाळ वापरू द्या, अशाच आहेत. पेशंट आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून कपाटात टाकतात, तेव्हा हे सांगायला हवं.

औंध फिजिओ

दीर्घकाळ म्हणजे चोवीस तास नव्हे, हेही. आणि डी-क्वेरव्हेनला वेळ वेगळी: साधारण तीन ते सहा आठवडे, मग टप्प्याटप्प्याने सोडवायची. सकाळ-संध्याकाळ एकेक तास हलक्या कामाला काढा, दोन दिवस दुखलं नाही तर एकेक तास वाढवा. प्रवास, गर्दी आणि झोप यांत शेवटपर्यंत ठेवा.

घातलेली असताना दर तासाला टोकाचा सांधा दहा वेळा वाकवा आणि सरळ करा, चारही बोटांची पूर्ण मूठ दहा वेळा. खांदा मागे गोल फिरवा, हात डोक्यावर नेऊन आणा. डॉक्टरांनी काढायला परवानगी दिली असेल तर दिवसातून तीनदा काढून बेचका हलक्या हाताने उघडा, ताणायचं नाही. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बुडाकडे जितकं दुखत नाही तितकंच न्या. मधल्या सांध्याचं लिगामेंट (दोन हाडं जोडणारा बंध) तुटलेलं असेल तर यातलं काहीही विचारल्याशिवाय नको. तिथे चिमटीचा बाजूचा दाब एकदा जरी पडला तरी जुळणं बिघडतं.

लाटणं-पोळपाट

कुकरचं राहिलं होतं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर या काळात नकोच. ते झाकण तिरकं करून आत घालायला मनगट दोन दिशांना फिरतं. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा चालतो, पण दांडे अंगठ्याने ढकलू नका, दोन्ही तळव्यांच्या टाचांनी एकमेकांकडे दाबा. कुकर ओट्यावर, खाली ओलं फडकं, म्हणजे घसरत नाही. शिटी उचलायला लांब दांड्याचा चमचा.

बेचका

उन्हाळ्याचं सांगून ठेवतो. थर्मोप्लास्टिक ६५ अंशांना मऊ होतं. एप्रिलमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत जाऊ शकतो, आणि उन्हातल्या स्कूटरची डिकीही बरीच तापते. स्प्लिंट बाहेरून तशीच दिसते, पण अंगठ्याचा कोन पाच-दहा अंशांनी उघडलेला असतो, आणि मग चार दिवसांनी कळ सुरू होते. धुवायला नळाचं साधं पाणी आणि साबण, गिझरचं कढत नाही. पावसाळ्यात पट्टे काढून रोज वाळवा. दोन जोड ठेवा, वेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेले धागे सुईने काढा. पकड गेलेला पट्टा माणूस जास्त आवळतो, आणि आवळतो तो नेमका नसेवर.